सरांनी चुकून घेतलेला बैल

"मास्तर, बोटं दाबली तुम्ही! बैल तुमचा झाला! आता वरून देव जरी उतरला तरी सौदा मोडत नसतो!"

मंठ्याच्या बैलबाजारात तो दलाल असा बोंबलला की चार कोसांवरच्या जनावरांनी कान टवकारले असतील. त्याच्या एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात आमच्या सरांचा उजवा हात आणि सरांच्या डाव्या हातात सिक्स-बी पेन्सिल.

"अहो, पण मी तर हाडं बघून राह्यलो होतो," सर म्हणाले.

"हाडं बघा, न्हाई तर मांस बघा! टॉवेलाखाली बोटं धरली का न्हाई? ह्या पोरीसमोर बोला!"

ती पोरगी म्हणजे मी. सरांनी बोटं धरली होती. टॉवेल दाबल्यासारखा हललाही होता. अख्ख्या बाजाराचे डोळे माझ्यावर खिळलेले आणि खोटं बोलायची शिकवण सरांनीच कधी दिली नव्हती. मी मान हलवली. बाजूच्या शेतकऱ्यांनी "झाला, झाला!" म्हणून गलका केला, मालकानं बैलाचा कासरा सरांच्या गळ्यातल्या शबनम पिशवीवर टाकला आणि जालना जिल्ह्यातला सगळ्यात नामांकित ड्रॉइंग मास्तर एका लाल कंधारी बैलाचा धनी झाला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो, त्याच्याआड घेणाऱ्याची बोटं धरतो. किती बोटं, कुठल्या पेरापाशी, किती दाबली, त्यावर आकडा ठरतो. शेजारी उभ्या माणसाला टॉवेल हलताना दिसतो, बाकी काही नाही. एकदा का घेणाऱ्यानं उलटून बोटं दाबली की शब्द झाला. कागद नाही, सही नाही. शब्द मोडला तर मात्र त्या माणसाला बाजारात चहासुद्धा कोणी विचारत नाही.

आणि आमच्या सरांना खोड काय, तर परक्या माणसांचे हात धरायची! बँकेत कॅशिअरनं पावती पुढं केली की सर पावती सोडून त्याचं मनगट पकडायचे आणि मागं उभ्या असलेल्या आम्हा पोरापोरींना सांगायचे, "हे हाड बघा. सगळा पंजा ह्याच्यावर तोललेला हाय." एका कंडक्टरनं त्यांना ह्यापायी भर रस्त्यात एसटीतून उतरवलं होतं. एका लग्नात स्टेजवर त्यांनी नवरदेवाचा हात इतका वेळ धरून ठेवला की नवरीला वाटलं, पाहुणे नवरदेवाला परत न्यायला आले. तेव्हा मंठ्यात जे झालं ते होणारच होतं. दलालाचा हात रापलेला, गाठी-गाठीचा, एकेक शीर दोरखंडासारखी. सर हरखले. "ए गेरू, हा हात बघ!" म्हणून त्यांनी तो धरला, दलालाला वाटलं गिऱ्हाईक आलं, त्यानं वरून टॉवेल टाकला. पुढचं सगळं टॉवेलाखाली झालं.

गेरू म्हणजे मीच. सरांच्या क्लासात नावानं हाक नव्हती, रंगानं होती. एक पिवडी होती, एक काजळ होता, एक बिचारा पांढरा होता, तो आता पुण्यात मोठ्या पगारावर आहे, पण अजून त्याला सगळे पांढराच म्हणतात. मला गेरू का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सर म्हणाले, "महाग न्हाई. कुठं बी सापडतो. पण एकदा दगडावर बसला की हजारो वर्षं निघत न्हाई." मी घरी जाऊन आरशात बघितलं. तोपर्यंत मला मी नुसतीच सावळी वाटायचे.

सर कुठून आले, कसे शिकले, हे कोणाला धड माहीत नव्हतं. मंठ्याकडच्या कुठल्याशा गावचे, एवढंच. मागचं कोणी विचारलं की म्हणायचे, "माझा जन्म ड्रॉइंगच्या तासाला झाला." शाळेतली नोकरी करता करता ते नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी पाकिटावरच्या भाज्या काढायचे. त्या काळी पाकिटांवर फोटो नसायचे. पाकिटावरची भेंडी, वांगी, मिरची हातानं रंगवलेली असायची. सरांच्या मिरचीकडे नुसतं बघून गिऱ्हाइकांना ठसका लागायचा, हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण माझा पक्का विश्वास आहे. पुढं एका नव्या मॅनेजरनं सांगितलं, "मास्तर, टोमॅटो अजून लाल करा." सर म्हणाले, "साहेब, हा टोमॅटो शेतात पिकला हाय, तुमच्या हापिसात न्हाई." ब्रश धुतला आणि उठून आले. परत त्या जिन्याची पायरी चढले नाहीत.

क्लासात रबराला बंदी. "रबर विकत घेणारा माणूस दुकानातच चुकलेला असतो," हे त्यांचं वाक्य. आणि दुसरं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही: "काढणं ही हमाली हाय. बघणं हे काम."

एकदा आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर मी बुद्ध रंगवला होता. अख्ख्या वस्तीनं वाखाणला. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नातेवाइकांना बोलावून दाखवला. सर आले, चपला काढल्या, हात जोडले, मग भिंतीसमोर इतका वेळ उभे राहिले की लोकांना वाटलं सरांना ज्ञानप्राप्ती होऊन राह्यली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "चेहरा शांत हाय. पण ह्या मांडीनं हे दोन मिनिटं बी बसू शकले नसते. बस तू तशी." मी बसले. दोन मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या आल्या, वस्तीतल्या बायका हसायला लागल्या. मी दुसऱ्या दिवशी मांडी पुसून नव्यानं रंगवली. बाबा सरांवर आठवडाभर फुगून होते, मग एका पौर्णिमेला स्वतःच म्हणाले, "आता कसे, नीट बसलेत."

बाबा शाळामास्तर. त्यांचा माझ्यावर जीव, पण हिशेब सरळ. माझी चित्रकलेची पदवी झाली आणि मी घरात जाहीर केलं की मला परराज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात पुढचं शिकायचंय, कला आणि कलेचा इतिहास.

"कलेला इतिहास हाय, हे मला मान्य," बाबा म्हणाले. "पगार हाय का?"

"लागतो नंतर."

"नंतर म्हणजे इतिहासात?" 

शेवटी ठरलं ते असं: एकच संधी. ह्या वर्षी नंबर लागला तर बाबा स्वतः गाडीत बसवून देणार. नाही लागला तर मी मुकाट बी.एड. करणार आणि रंगांची पेटी भावाच्या पोरांना देणार. "जय भीम, विषय संपला," म्हणून बाबांनी पेपर उघडला. ते वाक्य आमच्या घरात कोर्टाच्या निकालासारखं होतं, अपील नसायचं.

आता त्या विद्यापीठाची अट बघा. मुलाखतीला येताना एकाच जिवंत देहाचा सलग अभ्यास घेऊन या: बसलेला, उभा, निजलेला, सगळ्या बाजूंनी, महिनोन् महिने केलेला. मोठ्या शहरात ह्यासाठी मॉडेल मिळतात. जालन्यात कुठून आणू? कोपऱ्यावरच्या चहावाल्या मामांना बसवलं, तर ते असे ताठ झाले जणू आधार कार्डाचा फोटो निघतोय. निवृत्त हवालदार काकांना बसवलं. रस्त्यावरून कुठलीही जीप गेली की ते उठून सॅल्यूट मारायचे. शेजारच्या एक बाई पैठणी नेसून, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं घालून आल्या आणि म्हणाल्या, "मला थोडी बारीक काढ." दुसऱ्या दिवशी कोणीच परत येईना. सगळ्यांना चित्र एका बैठकीत पाहिजे, घरी न्यायला.

मी सरांकडे जाऊन रडले. खोटं कशाला, चांगलीच भोकाड पसरून रडले. सरांनी रडणाऱ्या चेहऱ्याचं भरभर स्केच केलं, मग म्हणाले, "उद्या मंठ्याचा बाजार हाय. चल, आकार बघू."

आम्ही एसटीनं गेलो. सर त्या बाजारात असे फिरले जसा कलेक्टर दौऱ्यावर फिरतो. देवणी बघितले, गावरान बघितले, पुढं गेले. मग एका लाल कंधारी बैलापाशी थांबले. रंग काय सांगू! बैल नव्हता, ट्यूबमधून पिळून उभा केलेला गेरू होता. सरांनी त्याच्या पाठीवरून मणक्या-मणक्यानं हात फिरवला. जबडा उघडून दात बघितले. मालकाला म्हणाले, चालवून दाखव. मग म्हणाले, बसव. बैल बसला, मान वळवली आणि रवंथ करत असा निवांत राहिला, जणू त्याला शतकानुशतकं कोणी उठवणारच नव्हतं. मी कागदावर रेघा ओढत होते आणि मनात म्हणत होते, वा, शरीररचना शिकवावी तर आमच्या सरांनी! आणि तेवढ्यात तो दलालाचा हात, तो टॉवेल आणि ती बोंब.

परत येताना छोटा टेम्पो केला. सर मागं बैलाजवळ उभे, मी ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर सारखा विचारायचा, "ताई, शेती किती एकर?" मी सांगितलं, "शेती न्हाई, कागद हाय." त्यानं टेपचा आवाज वाढवला.

काकू, म्हणजे सरांची बायको, दारात उभ्या होत्या. नवीन जालन्यातली सिमेंटची गल्ली, दोन्हीकडे मोटारसायकली, ऑटोवाले हॉर्न वाजवून राह्यले आणि मध्ये बैल. मला वाटलं, आता भूकंप होणार. काकूंनी बैलाकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"मिरच्या आणल्या का?" त्यांनी विचारलं.

काकूंचं असंच होतं. घर जळत असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, दूध उतरवून घे.

शेडमध्ये सरांची स्कूटर असायची. तिच्यावर त्यांचा इतका जीव की पावसाळ्यात स्वतः भिजायचे आणि रेनकोट तिला घालायचे. दुसऱ्या दिवशी गेले तर शेडमध्ये बैल, आणि स्कूटर नाही. "दुरुस्तीला दिली," सर म्हणाले. असली लांबलेली दुरुस्ती जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या स्कूटरची झाली नसेल. ती अजून परत आलेली नाही. सर तेव्हापासून सायकलीवर. गल्ली हसली. हाडांचा एवढा मोठा जाणकार, पण एका दलालानं बोटांवर नाचवला! शब्द दिला म्हणून स्कूटर विकून पैसे फेडले, वेडा माणूस! मीही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या शेडमध्ये बसून काढायलाही लागले, कारण समोर एक जिवंत देह होता आणि तो उठून सॅल्यूट मारत नव्हता.

"सर, पण मॉडेल म्हणून बैल चालंल का?"

"त्याला काय देह न्हाई?"

काकूंनी बैलाचं नाव साहेब ठेवलं. बसून खातो, बोलत नाही, कोणी जवळ आलं तर शेपूट हलवून घालवून देतो, असं त्याचं कारण. साहेब मॉडेल म्हणून सोन्यासारखा होता. एकदा बसला की चहा येवो, पाव्हणा येवो, हलायचा नाही. पहिल्या महिन्यात त्यानं माझा कोळशानं काढलेला एक मोठा कागद खाऊन टाकला. मी किंचाळले. सर शांत. "आवडला म्हणून खाल्ला. न आवडलेले बघ, कसे सोडून दिले." आणि खरंच, त्यानं सोडलेले कागद भिकार होते. पुढं मी प्रत्येक चित्र आधी साहेबापुढं धरायची. त्याच्या नाकपुड्या हलल्या की समजायचं, जमलं.

आणि कलेचा इतिहास? तोही साहेबानंच शिकवला. सर शेडच्या भिंतीवर खडूनं काढायचे: गुहेतल्या दगडावर धावणारा रानबैल, सिंधूकाठच्या मोहरेवरचा, म्हणजे दगडी शिक्क्यावरचा, वशिंडवाला, अजिंठ्यातले झुंजणारे, वेरूळचा नंदी. प्रत्येकाला साहेबाशेजारी उभं करायचे. "हा साहेबाचा खापरपणजोबा. आता सांग, वशिंड इथं उंच का काढलं? तिथं बुटकं का? कारागिराला काय दिसलं, काय दिसूनही त्यानं सोडलं? ज्यानं जे सोडलं, तो त्याचा इतिहास." मी पुस्तकंही वाचली, ढिगानं वाचली, सर वाचायलाच लावायचे. पण प्रत्येक पानावरचं वाक्य मला साहेबाच्या अंगावर तपासून घ्यावं लागायचं. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "काय मास्तर, बैल किती यत्ता शिकला?" सर म्हणायचे, "पोरगी मागं पडून राह्यली, त्याचं तर झालं केव्हाच."

मुलाखतीला मी कागदांची इतकी मोठी गुंडाळी घेऊन गेले की रेल्वेत लोकांना वाटलं, सतरंज्या विकायला निघालीय. समोर तिघं बसलेले: एक मॅडम, दोन सर. सगळं बोलणं हिंदीत. कागद पसरले, टेबल संपलं, फरशी संपली, दारापर्यंत साहेबच साहेब. बसलेला साहेब, झोपलेला साहेब, मागून साहेब, नुसता खूर, नुसती पोळी, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी त्वचा.

"सगळीकडे एकच बैल?" मॅडमनी विचारलं. "माणूस का नाही?"

"आमच्याकडं माणसाला बस म्हटलं की तो फोटो होतो, मॅडम. हा बैलच राहिला."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र लावलं: मोहरेवरचा बैल. हजारो वर्षांपूर्वीचा. "ह्याबद्दल बोला."

पुस्तकात वाचलेलं सगळं जिभेवर तयार होतं. पण कानात सर ओरडले: बघणं हे काम! मी गप्प राहून बघत बसले. बघतच बसले. एका सरांनी घड्याळ बघितलं, दुसऱ्यांनी पेन बंद केलं. माझ्या डोळ्यांसमोर बी.एड.चं कॉलेज येऊन उभं राहिलं, त्याच्या गेटावर बाबा पेपर उघडून बसलेले.

मग मी म्हणाले, "ज्यानं हा कोरला, त्याच्या दारात बैल होता."

"कशावरून?"

"पोळीवरून. तिच्या घड्या एकसारख्या न्हाईत. मान जिकडं वळलीय तिकडं ताणल्यात, दुसरीकडं सैल पडल्यात. असं ऐकून काढता येत न्हाई. रोज बघावं लागतं."

घड्याळवाले सर पुढं झुकले. "पण अशा मोहरा पुष्कळ सापडतात. बैल जवळपास सारखाच. मग काय सगळे कारागीर एकाच बैलाकडे बघत होते? ही तर ठरलेली पद्धत झाली!"

मी फरशीकडे हात केला. "माझेही सगळे सारखेच आहेत, सर. पण प्रत्येक वेळी मी बघून काढलाय. पद्धत आणि बघणं ही दोन्ही एका घरात नांदू शकतात."

मग जी जुंपली म्हणता! पाऊण तास तिघं माझ्याशी भांडले, मी तिघांशी भांडले, एका मुद्द्यावर मी सपशेल हरले आणि दोनवर त्यांना दमवलं. मॅडम शेवटी खाली वाकून, गुडघ्यावर बसून, साहेबाचा एक एक कागद बघत होत्या. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं?" मी छाती पुढं काढून सरांचं पूर्ण नाव, पत्ता, गल्ली, सगळं सांगितलं, वर हेही सांगितलं की त्यांनी हा बैल चुकून घेतला. पहिल्यांदा तिघंही हसले.

नंबर लागला. बाबांनी पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून नवीन जालन्यापासून आमच्या मूळ गावापर्यंत, थेट टेंभुर्णीपर्यंत, भेटेल त्याला सांगत सुटले, "माझी लेक एका बैलावर विद्यापीठात गेली." सरांना मी फोन केला. सर म्हणाले, "साहेब कसा दिसत होता तिथं?" 

"एक नंबर, सर."

"मंग झालं." आणि फोन ठेवला. काकू नंतर म्हणाल्या, त्या दिवशी त्यांनी साहेबाला गूळ चारला, स्वतःही खाल्ला आणि दिवसभर कोणाचा हात धरला नाही.

विद्यापीठात माझी ती गोष्ट फार गाजली. कँटीनमध्ये मी टॉवेल घेऊन ती करून दाखवायची, दलालाच्या आवाजात, आणि दर वेळी बैल वितभर मोठा व्हायचा. पोरं लोळायची. दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला आले ती तडक सरांच्या घरी. सर साहेबासाठी कडबा आणायला सायकलीवर गेलेले. साहेब शेडमध्ये बसलेला, मान वळवून, तस्साच. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, मुलाखतीपासून कँटीनपर्यंत सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली आणि शेवटी टाळी वाजवून म्हणाले, "पण काकू, खरं सांगू का? सरांना ती टॉवेलाखालची बोटं कळत नव्हती, ह्यातच माझं नशीब! कळत असती तर हा बैल आला असता का घरी?"

काकूंनी मेथीची एक पिवळी काडी बाजूला टाकली.

"त्यांचा बाप मंठ्याच्या बाजारात दलाल होता," त्या म्हणाल्या.